‘गोळी लागू पडली नाही’ म्हणण्याआधी

‘एक गोळी घेतली, काही झालं नाही, आता हे बरं होणार नाही.’ ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांचं हे ठरलेलं वाक्य, आणि भोंदूंचा धंदा त्यावरच चालतो. नपुंसकत्वावर रामबाण इलाजाच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्यांचं गिऱ्हाईक तुटत नाही.

समजा, आमगावकडचा पन्नाशीतला धान पिकवणारा शेतकरी. मधुमेह आहे. रात्री मटणाचं भरपेट जेवण, लगेच ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल गोळी, आणि गोळीच सगळं करील म्हणून वाट पाहत पडून राहणं. सकाळी निकाल: नापास. पण तेलकट जेवणावर ही गोळी तासभर उशिरा आणि कमी चढते. शिवाय मनात कामोत्तेजना नसेल तर ती काहीच करत नाही. म्हणजे औषधाची परीक्षा झालीच नाही! योग्य मात्रेत, योग्य वेळी किमान सहा वेळा घेऊन पाहिल्याशिवाय त्याला अपयशी ठरवू नये.

दुसरा पक्ष घाईतल्या डॉक्टरांचा: ‘फरक पडला का, एवढं विचारलं की पुरे.’ पुरे कसं होईल? दाराशी रांग उभी असताना संकोचलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि उठतो. १९९७ पासून यासाठी पंधरा प्रश्नांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. तिच्या पाच प्रश्नांच्या छोट्या रूपात ५ ते २५ गुण मिळतात. २२ किंवा जास्त म्हणजे ठीक. शिवाय ताठरतेच्या पायऱ्या चार: आकार वाढतो, पण कडकपणा नाही; कडक, पण संभोगापुरतं नाही; संभोगापुरतं, पण पूर्ण नाही; पूर्ण कडक. उपचाराआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहा. ‘पूर्वीसारखं नाही’ म्हणून खचलेल्याला आपण दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर आलो, हे डोळ्यांनी दिसेल. त्याची तयारी असेल तर बायकोलाही विचारा; तिचं समाधान निकालाबाहेर ठेवणं मला मुळीच मान्य नाही.

‘आपल्याकडे असं कोण बोलणार?’ र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली खटला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. बोलणारे तेव्हाही होते.

ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसू शकते, म्हणून साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो.