‘ज्ञात गुंतागुंत’ हे माफीपत्र नव्हे

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकाच कापली गेली, की नातेवाइकांना बहुधा एकच वाक्य ऐकवले जाते: ‘ही ज्ञात गुंतागुंत आहे.’ वाक्य खोटे नाही. परंतु जे ज्ञात आहे ते मोजलेही गेले पाहिजे, आणि भारतात नेमके तेच होत नाही.

जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ती भारतात आणली. लहान छेद, कमी वेदना, लवकर घरी. हे लाभ निर्विवाद आहेत. मात्र पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेच्या इजेचे प्रमाण ०.१ ते ०.२ टक्के मानले जाई. दुर्बिणीच्या पद्धतीत सुरुवातीच्या दशकांतील पाहण्यांत ते ०.३ ते ०.६ टक्के आढळले. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ०.३ टक्के धरले तरी एक लाख शस्त्रक्रियांमागे ३०० माणसे होतात. त्यांच्या वाट्याला पित्तगळती, कावीळ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि आतड्याचा भाग थेट यकृतातील नलिकेला जोडणारी अवघड दुरुस्ती येते. दुरुस्ती उशिरा किंवा अननुभवी हातांनी झाली, तर यकृतच निकामी होण्याचा धोका असतो.

ही चूक हाताची कमी आणि डोळ्यांची अधिक असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा २५२ इजा तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम होते. सुजलेल्या, चिकटलेल्या ऊतींत मुख्य नलिका पित्ताशयाच्या नलिकेसारखी भासते आणि शल्यविशारद पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची नलिका कापतो. म्हणूनच ‘अनुभवी डॉक्टर आहेत’ हे आश्वासन अपुरे ठरते. भ्रमाला अनुभव पुरत नाही, पडताळणी लागते.

ती पडताळणी उपलब्ध आहे. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये तीन अटी स्पष्ट मांडल्या: त्रिकोणी भागातील चरबी व तंतू साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश भाग यकृतापासून सुटा करावा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना दिसाव्यात. तोवर काहीही कापू नये. दृश्य मिळत नसेल, तर पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून थांबणे किंवा पोट उघडणे हा पराभव नव्हे. तो विवेक आहे.

स्वीडनमध्ये २००५ पासून पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. भारतात आयुष्मान भारत योजना या शस्त्रक्रियेचे पैसे देते. तेव्हा त्याच रुग्णाचा नंतरचा पित्तनलिकेच्या दुरुस्तीचा दावा पहिल्या दाव्याशी जोडून पाहणे अशक्य नाही. अडचण तंत्राची नसून इच्छेची आहे.

‘नोंदी ठेवल्या तर खटले वाढतील,’ हा आक्षेप नेहमीचा. विमानवाहतुकीने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे: चुका शिक्षेसाठी नव्हे, तर शिकण्यासाठी गोपनीय रीतीने नोंदवता येतात. नोंद टाळल्याने इजा टळत नाही. ती फक्त पुढच्या रुग्णाकडे सरकते.

म्हणून मागण्या दोनच: कापण्यापूर्वीच्या निर्णायक दृश्याचे छायाचित्र प्रत्येक रुग्णाच्या कागदपत्रांत असावे, आणि प्रत्येक इजा राष्ट्रीय नोंदवहीत जावी. ज्या विज्ञानाला आपल्या त्रुटीचे प्रमाण सांगता येत नाही, त्याने अचूकतेचा दावा करू नये.