विश्लेषण : जनुकीय चाचणीवर विद्यार्थ्यांचा हात कधी बसणार?

ठाण्यात टेंभी नाक्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या जागेवर ९०० खाटांच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. इमारत, खाटा, यंत्रे यांची चर्चा झाली. रक्तातील दोष रेणूच्या पातळीवर शोधणारे प्रशिक्षित हात कुठून येणार, याची मात्र फारशी झाली नाही. वास्तविक जवळच चेंदणीत बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे, कल्याणात बिर्ला महाविद्यालय. जीवशास्त्र शिकणारी मुले या पट्ट्यात भरपूर. मग अडते कुठे?

रेणवीय शरीरक्रियाशास्त्र म्हणजे काय?

शरीराचे काम अवयवापाशी न थांबता थेट रेणूपर्यंत जाऊन पाहणारी ही शाखा. सिकलसेल हे तिचे ठळक उदाहरण. या रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळे असते, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी फरक नेमका शोधला : साखळीतील सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

ठाण्यासाठी हा पुस्तकी विषय नाही. २०१४ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. उल्हासनगरात मोठ्या संख्येने असलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे.

हाताला एवढे महत्त्व का?

यंत्र सारे करते, हा समज करोनाकाळात पक्का झाला. पीसीआर यंत्र डीएनएचा तुकडा दर फेरीत दुप्पट करते. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. पण यंत्रात जाणारे मिश्रण माणूस तयार करतो. त्यातील काही घटक एक-दोन मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या पंचवीस-पन्नासाव्या हिश्शाएवढे असतात. पिपेटच्या टोकात बुडबुडा शिरला, तर प्रमाण निम्म्यावर येते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेजारच्या नळीतला अंशही गेला, तर त्याच्याही कोटी प्रती होतात.

खरा धोका पुढे आहे. थॅलेसेमियासाठीच्या एका प्रचलित पद्धतीत जनुकीय दोष असेल तर जेलवर पट्टी उमटते, नसेल तर नाही. आता अभिक्रियाच फसली तर? तरीही पट्टी नाहीच! म्हणून त्याच नळीत दुसरा, हमखास उमटणारा तुकडा 'कंट्रोल' म्हणून ठेवतात. तो उमटला नाही तर चाचणी रद्द. हा नियम अंगवळणी न पडलेला तंत्रज्ञ गर्भाच्या नमुन्याला 'दोष नाही' म्हणून मोकळा होऊ शकतो. त्या अहवालावर कुटुंब जो निर्णय घेते, तो नंतर फिरवता येत नाही.

महाविद्यालयात अडचण कोणती?

पैसा, वेळ आणि वीज. अभिक्रियेची विकरे उणे २० अंशांत ठेवावी लागतात. फ्रीजर बंद पडला की किट वाया. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी शिक्षक एकदा 'डेमो' देतात आणि विद्यार्थी जर्नल भरतात. वेस्टर्न ब्लॉट तर दोन दिवस चालतो, तो तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसणार कसा? शरीरक्रियाशास्त्राची अवस्था निराळी : विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनाला आळा घातला, तो योग्यच, पण बेडकाच्या जागी बहुतेकदा संगणकाचा पडदा आला, पेशी आणि प्रथिनांवरचे प्रयोग नाहीत.

मग मुले ट्रान्स हार्बरची लोकल पकडून खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'चा दरवाजा ठोठावतात किंवा तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करतात. जागा मोजक्या. उरलेल्यांना गाठतात ते 'तीन दिवसांत पीसीआर ते ब्लॉटिंग'चे सशुल्क वर्ग. प्रमाणपत्र मिळते; तीन दिवसांत हात बसत नाही. फसलेला प्रयोग पुन्हा करून चूक शोधणे हेच खरे शिक्षण आणि त्यालाच तिथे वेळ नसतो.

नव्या चौथ्या वर्षाने काय बदलेल?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन निवडता येते. प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४ पासून, इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. वर्षभर एकाच प्रश्नावर काम करण्याची ही संधी मोठी आहे, फक्त ७५ टक्क्यांची अट लेखी परीक्षेतल्या हुशारांना पुढे करते, प्रयोगात हात चांगला असणाऱ्यांना नव्हे.

सरावासाठी रुग्णांचे नमुने लागतही नाहीत. कांद्याचा डीएनए किंवा जिवाणूतील प्लाझ्मिड पुरतो. उत्तर ठाऊक असलेल्या दहा नळ्यांवरची चिठ्ठी झाकून विद्यार्थ्याला दिल्या, तर त्याचा हात किती बसला ते एका दुपारी कळते. अशी चाचणी जर्नलच्या गुणांऐवजी घ्यायची की नाही, हे स्वायत्त महाविद्यालयांना स्वतः ठरवता येते. त्यांची २०२३-२४ ची तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचते.