विश्लेषण : हेपॅटायटिस बी लशीचे संरक्षण किती वर्षे टिकते? बूस्टर हवा का?

सरकारी लसीकरणात हेपॅटायटिस बीची लस महाराष्ट्रात २००७-०८मध्ये आली. तेव्हा मुळशी तालुक्यात लस घेतलेली बाळे आता कॉलेजच्या वयात आहेत. त्यांना पुन्हा लस लागेल का?

प्रतिपिंडे घटली तर?
रक्तातील प्रतिपिंडे वर्षागणिक कमी होतात. चाचणीत ती १०च्या खाली दिसली, तरी संरक्षण संपले असे नाही. संसर्गानंतर आजार दिसायला सरासरी तीन महिने लागतात. तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी नवी प्रतिपिंडे तयार करतात. त्यामुळे सर्व मात्रा घेतलेल्या निरोगी व्यक्तीला किमान ३० वर्षे संरक्षण मिळते. बूस्टरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही.

अपवाद कोणते?
डायलिसिसवरील रुग्णांची दरवर्षी चाचणी करून गरजेनुसार बूस्टर देतात. डॉक्टर, परिचारिकांनी शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे तपासावीत.

खरा धोका कोणाला?
लस कार्यक्रमात येण्यापूर्वी जन्मलेल्यांना. पौडचा शेतकरी असो वा हिंजवडीतील आयटी कर्मचारी, बूस्टरआधी प्रश्न पहिल्या मात्रेचा आहे. प्रौढांना शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा लागतात. मध्ये खंड पडल्यास पुन्हा सुरुवात नको. राहिलेली मात्रा घ्यावी.