कृतीत पातेल्याचंही माप लिहा

घरी बिअर करणाऱ्यांच्या कृती वाचताना मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. हॉप्स किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, किती मिनिटं उकळायचे तेही असतं. पण उकळताना पातेल्यात पाणी किती होतं, याचा पत्ता नसतो. बिअर अळणी होणार की कडू, हे बरंचसं त्या न लिहिलेल्या आकड्यावर ठरतं.

मी सिएटलला राहतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे; अमेरिकेत मात्र जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. डोंगर ओलांडला की याकिमा खोरं, आणि या देशातले बहुतांश हॉप्स तिथे पिकतात. त्यामुळे इथल्या मराठी घरांतही हा छंद चांगला रुजलेला दिसतो. मालाची ददात नाही. अडतं ते शेगडीपाशी. अपार्टमेंटमधल्या विजेच्या शेगडीवर वीस-पंचवीस लिटर पाणी खळखळून उकळत नाही. मग लोक दहा लिटर पाण्यात सगळा माल्ट अर्क उकळतात आणि शेवटी गार पाणी ओतून वीस लिटर करतात.

इथेच हिशेब फसतो. 'निम्मंच पाणी उकळतोय, मग हॉप्सही निम्मे,' असं सर्रास ऐकू येतं. आमटीत मागाहून पाणी वाढवायचं असेल तर मीठ आपण वाढलेल्या आमटीच्या मानाने घालतो. हॉप्सचं तसंच, पण आणखी एक अडचण आहे. मीठ सगळं विरघळतं. हॉप्समधली कडवटपणा देणारी अल्फा आम्लं मात्र उकळताना रूप बदलतात तेव्हाच बिअरमध्ये उतरतात. तासभर उकळूनही त्यांतला जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो, आणि गोड वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं पाणी, जितकं दाट तितका तो घटतो.

एक उदाहरण घेऊ. वीस लिटर पेल एल, मूळ घनता १.०५०, कडवटपणा ३५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). हॉप्स कॅस्केडचे, पाकिटावर अल्फा ६ टक्के. ग्लेन टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्राने, सगळंच्या सगळं वर्ट तासभर उकळलं तर सुमारे ५० ग्रॅम पुरतात. तोच सगळा अर्क दहा लिटरमध्ये उकळला तर पातेल्यातली घनता १.१०० होते आणि ७९ ग्रॅम लागतात. 'निम्मे' म्हणून २५ ग्रॅम टाकणाऱ्याच्या ग्लासात ११ आयबीयू येतात. ती पेल एल राहत नाही, नुसतं गोडसर पेय होतं.

यावर स्वस्त आणि सोपा उपाय आहे. निम्मा अर्क सुरुवातीला घाला, उरलेला शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत. मग दहा लिटरचीही घनता १.०५०च्या आसपास राहते, ५० ग्रॅममध्ये काम भागतं आणि बिअरचा रंगही काळवंडत नाही. मर्यादा एकच: पातेल्यात कडवटपणा साधारण १०० आयबीयूच्या पुढे फारसा चढत नाही, मग हॉप्स कितीही ओता. दुप्पट पाणी घातलं की उरतात पन्नास. सत्तर आयबीयूची आयपीए हवी असेल तर मोठं पातेलं आणा, नाहीतर दहाच लिटर बिअर करा.

काही जण म्हणतात, सूत्रं शेवटी अंदाजच देतात, जिभेवर भरवसा ठेवावा. सूत्रासूत्रांत फरक पडतो हे खरं. पण या खेपेची चव पुढच्या खेपेशी ताडून पाहायची तर दोन्ही वेळचं माप वहीत हवं. मापाशिवाय जिभेलाही काही शिकता येत नाही.

म्हणून कृती लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे माझी मागणी आहे. हॉप्सच्या वजनाशेजारी चार आकडे द्या: पाकिटावरचा अल्फा, उकळतानाचं पाणी, त्या वेळची घनता आणि शेवटी तयार झालेली बिअर. हे चार आकडे ज्या कृतीत नाहीत, ती नवशिक्याच्या हाती देऊ नका. त्याचे पैसे आणि तीन-चार आठवड्यांची वाट पाहणं, दोन्ही त्या एका ओळीवर अवलंबून असतं.