विजेवरचे व्हायोलिन १९३६ सालीच वाजले होते



आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला जाझमधल्या व्हायोलिनवरचा लेख वाचून संताप झाला. विजेवरचे व्हायोलिन जाझमध्ये आणले फ्रेंच व्हायोलिनवादक झाँ-लुक पाँतीने आणि तेही सत्तरच्या दशकात, असे बेधडक छापले आहे. मग अमेरिकन व्हायोलिनवादक स्टफ स्मिथचे काय? १९३६ साली न्यू यॉर्कच्या ५२व्या रस्त्यावर, ऑनिक्स क्लबमध्ये तो रात्रीमागून रात्री वाजवत होता. शेजारी जोना जोन्सचा ट्रम्पेट, मागे कोझी कोलचे ड्रम, समोर खाणारी-पिणारी गर्दी. त्या गदारोळात नुसते व्हायोलिन कोणाला ऐकू गेले असते? म्हणून त्याने त्याला अॅम्प्लिफायर जोडला. १९३६! पाँतीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

बँड स्मिथचा, गाणारा तोच, आणि त्या वर्षी गाजलेले ‘आय्झ अ मगिन’ हे गाणेही त्याचेच. त्याचे ‘इट्स वंडरफुल’ १९३८ साली खुद्द लुई आर्मस्ट्राँगने गायले. एवढ्या माणसाला आपल्या लेखात एक ओळही मिळू नये?

स्टेफान ग्रापेलीला अर्धे पान दिलेत, ते योग्यच. पण याच ग्रापेलीने १९६५ साली पॅरिसमध्ये स्मिथबरोबर अख्खी रेकॉर्ड केली. पुढच्या वर्षी बाझेलला चार व्हायोलिनवादक एका मंचावर आले, त्यांत स्मिथ होता आणि जेमतेम २४ वर्षांचा पाँतीही होता. ज्याला आपण जनक ठरवलेत, त्याने स्मिथच्या शेजारी उभे राहून वाजवलेले आहे.

स्मिथला वगळण्याचे खरे कारण मला दिसते ते असे की, व्हायोलिन म्हटले की आपल्याला गोडवाच हवा असतो. स्मिथ गोड वाजवत नाही. आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटवरून तो शिकला. त्याचा गज तारांवर अक्षरशः तुटून पडतो. नॅट किंग कोलच्या ‘आफ्टर मिडनाइट’ या अल्बममध्ये कोणीही ऐकून खात्री करून घ्यावी.

आणखी एक. लेखात भारताचा उल्लेख व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्यापासून सुरू होतो. पण १९३५ साली मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन आलेला लिऑन अॅबी व्हायोलिनवादकच होता. मुंबईत छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राला त्याचा विसर पडावा, हे तर मुळीच पटत नाही.

दुरुस्ती याच पुरवणीत, त्याच पानावर आणि स्मिथ व अॅबी या दोघांच्या नावांसह छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यातला खुलासा चालणार नाही.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई