गणिताचे पुस्तक बदलताना

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे आपल्या समाजात विरळाच. पण आहेत, आणि प्राथमिक वर्गाच्या वयाचे मूल असले की गणिताच्या पुस्तकापायी त्यांचा जीव हमखास टांगणीस लागतो. कोणी बालभारतीने आरंभ करतो आणि वर्षाच्या मध्यावर एन.सी.ई.आर.टी.कडे वळतो. कोणाच्या घरी थोरल्या भावंडाचे ‘गणित का जादू’ असते. धाकट्यासाठी मात्र २०२४ साली निघालेले तिसरीचे ‘गणित मेला’ आणावे लागते. शेजारच्या मुलाच्या हाती अधिक रंगीत पुस्तक दिसले म्हणून आपले बदलणारेही आढळतात. त्यांना काय सांगावे!

पुस्तक बदलणे हा अपराध नव्हे. बदलाचा त्रास होतो तो निराळ्याच ठिकाणी, आणि वजाबाकीत तो जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र नाही. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. जुन्या पिढीची रीत अशी: दोनातून सात जात नाहीत, वर दहा दिले, बारातून सात गेले पाच, हातचा एक खालच्या दोनात मिळविला, तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. आजची पुस्तके वरच्या पाच दशकांपैकी एक दशक फोडून त्याचे दहा सुटे करतात; वर चार राहतात, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच. दोन्ही रीती निर्दोष आहेत. पहिलीत दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळविल्याने त्यांतील अंतर कायम राहते. दुसरीत वरची संख्याच वेगळ्या तऱ्हेने मांडली जाते. परंतु आजी एक रीत सांगते आणि नवे पुस्तक दुसरी. मग मूल वरच्या पाचाचे चार करते आणि खालच्या दोनाचे तीनही करते. उत्तर येते १५. पालक म्हणतात, याचे गणित कच्चे आहे. वास्तविक त्याने दोघांचीही आज्ञा पाळलेली असते!

महाराष्ट्राबाहेरील घरांत यात भाषेची भर पडते. मराठीत ४७ उच्चारताना सात आधी येतात, चाळीस मागून, हिंदी-गुजरातीतही तसेच. कानडी, तेलुगू आणि इंग्रजीत मात्र दशक आधी. बेळगाव वा हैदराबादच्या मुलाचे पुस्तकाबरोबर माध्यमही बदलले, तर ऐकलेल्या ४७ चे ७४ लिहून बसण्याचा संभव असतो. इंदूरकडे माध्यम हिंदी झाले तरी ८९ पाशी ठेच लागते: आपले ‘एकोणनव्वद’ नव्वदातून एक उणे करते, हिंदीतील ‘नवासी’ ऐंशीत नऊ मिळविते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असे वाचण्याची पद्धत आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यामागची मुलांची अडचण मात्र खरी होती.

तेव्हा जुने पुस्तक मिटल्यावर आठ-पंधरा दिवस नवे उघडूच नये. त्या अवधीत काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे, चिंचोके, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी हाती देऊन वजाबाकी करवून घ्यावी, आणि घरातील सर्वांनी मिळून एकच रीत ठरवावी. आजीलाही ती समजावून सांगावी. (समजते तिला पाच मिनिटांत, पटायला थोडा वेळ लागतो.)

मुखपृष्ठावरील इयत्ता पाहून पहिल्या पानापासून आरंभ करणेही बरे नव्हे. एका पुस्तकात अपूर्णांक लवकर येतात, दुसऱ्यात मोजमापे. त्यामुळे एखादे प्रकरण दोनदा शिकविले जाते आणि एखादे मुलाला कधी भेटतच नाही. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून खुणा केल्या की हे अर्ध्या तासात कळते.

नवी रीत अंगवळणी पडली की नाही हे पाहण्यास ४०२ मधून १५७ वजा करावयास द्यावे. येथे फोडण्यास दशकच नाही. आधी शतक फोडून दहा दशके करावी लागतात, मग त्यांतील एक फोडावे लागते. उत्तर २४५ आले आणि मुलाने तेच गठ्ठे सोडूनही दाखविले, म्हणजे पुढचे प्रकरण काढावे.