शेतीचा दर्जा मिळाला, पण तळं कोणाचं?



२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मच्छीमारांचं अभिनंदन करावं की सांत्वन? कापसाला आणि ज्वारीला हा दर्जा पहिल्यापासून आहे. त्यापायी आपली काय गत झाली, ते आपण जाणतोच.

तरी यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. सवलतीची वीज, बँकेचं कर्ज, विमा हे आता तळ्यातल्या पिकासाठीही हक्कानं मागता येईल. म्हणून विचारायची वेळ हीच. गावचं तळं कोणाचं?

पाझर तलावात जमीन गेली ती शेतकऱ्याची. १९७२ च्या दुष्काळी कामांवर माती वाहिली ती आपल्याच आयाबायांनी. आणि मासळी? अनेक ठिकाणी ठेक्याच्या कागदावर संस्था, जाळं मात्र व्यापाऱ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उतरणारा भोई तिथे रोजंदारीवर. भोई आपला वैरी नाही. तोही आपल्यासारखाच लुटला जातो.

मी हे रत्नागिरीतून लिहितो आहे. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जांभ्यात पाणी ठरत नाही. तुमच्याकडे पाऊस जेमतेम पाव, पण काळी माती पाणी धरून ठेवते. इथे शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. पुढे नागपूर, उदगीरलाही झाली. ही विद्या कोरडवाहू गावाच्या बांधापर्यंत का येत नाही?

ती येईपर्यंत तळं पारखायला आपणच शिकू. पाणी आठ महिने टिकत नसेल तर नाद सोडा. उन्हाळ्यातही पुरुषभर राहत असेल तर उत्तम. कोपरापर्यंत हात बुडवा. पाणी हिरवट असून तळहात दिसेनासा झाला, तर माशाला चारा आहे. तळ दिसणाऱ्या नितळ पाण्यात मासा उपाशी राहतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. गावात गळ टाकणारा कोणी असेल त्याला विचारा. ओढा कुठे मिळतो, मरळ कुठे दडते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. मरळ जास्त असेल तर मत्स्यजिरे सोडू नका, बोटभर लांबीची बोटुकली सोडा. नाहीतर पैसे आपले आणि पोट मरळीचं.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिन्ही सोडा, पाण्याचा कुठलाही थर पडीक राहणार नाही. थाई मांगूर फुकट मिळाला तरी नको. त्याला २००० सालापासून बंदी आहे आणि तो तळ्यातले बाकीचे मासे खातो. तलावाच्या वरच्या अंगाला कपाशी असेल तर जपा. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशाला जहर आहेत. फवारणीचा पंप तळ्यात धुवायचा नाही, म्हणजे नाही. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात तळाला माती नसते, चारा आपोआप होत नाही. तिथे पेंड-कोंडा घालण्याची तयारी ठेवा.

आता हिशेब. एक हेक्टर पाणी, ५,००० बोटुकली, वरून खाद्य. निम्मीच जगली आणि अर्ध्या किलोचीच झाली, तरी साडेबारा क्विंटल मासळी. हेक्टरी कोरडवाहू कापूस किती होतो, ते तुम्हीच शेजारी मांडा. ठेकेदार तळं का सोडत नाही, ते कळेल.

बीज मिळत नाही ही सबब ऐकून घेऊ नका. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाला इंजेक्शन देऊन बीज काढण्याची रीत सिद्ध केली. साठ वर्षांहून जुनी विद्या आहे. बोटुकली तळ्यावर मोजून मिळाली पाहिजे, कागदावर नव्हे.

येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. ठेका कोणाच्या नावावर? रक्कम किती? मुदत कधी संपते? तोंडी उत्तर घेऊ नका, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. उत्तरं घेऊन जिल्हा बैठकीला या. मुदत संपणाऱ्या प्रत्येक तळ्यावर जमीन गेलेले शेतकरी आणि भोई यांचा मिळून अर्ज गेला पाहिजे. एकेकटा अर्ज कचेरीत पडून राहतो, शंभर गावांचा राहत नाही.